स्वसदृश अवपात, द्रायूंचा

स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळणाऱ्या द्रायूच्या (वायूच्या वा द्रवाच्या) गोलात घनतेची व वेगाची घडण कायम राहून केवळ तिचे आकारमान घटत गेले, तर तो अवपात स्वसदृश होय. अशा वेळी अंतर व काळ यांचे गुणोत्तर एवढे एकच चल उरते आणि आइन्स्टाइनची समीकरणे सोडवण्याजोगी होतात. त्यासाठी दाब घनतेच्या ठरावीक पटीत असावा लागतो; प्रकाशवेग १ मानून ही पट येथे ‘क’ म्हटली आहे. प्रारणासाठी क = १/३.

स्थैर्य : उकलीला किंचित धक्का (क्षोभ) दिल्यास तो विरतो की वाढतो, हा कळीचा प्रश्न. १९९३ मध्ये चॉप्टुइक यांनी अदिश क्षेत्रासाठी दाखवले, की कृष्णविवर होणे व पदार्थ पांगणे यांच्या उंबरठ्यावर एक विशिष्ट उकल असते. १९९४ मध्ये इव्हान्स व कोलमन यांना प्रारण-द्रायूत तसेच आढळले. तेथील उकल स्वसदृश आहे. तिच्यात वाढणारा क्षोभ एकच असतो. त्याच्या वाढीच्या दरावरून कोइके, हारा व अडाची यांनी १९९५ मध्ये उंबरठ्यापासून दूर जाताना कृष्णविवराचे वस्तुमान कसे वाढते ते सांगणारा घातांक ०.३५५८ काढला. गोलीय नसलेल्या क्षोभांत, क १/९ पेक्षा कमी असल्यास, परिवलनाचा क्षोभही वाढतो (गुंडलाख).

लार्सन-पेन्स्टन ही मूळची न्यूटनीय स्वसदृश उकल याहून निराळी. तिच्या सापेक्षतावादी रूपात, क सुमारे ०.०३ पर्यंत असताना, गोलीय क्षोभ वाढत नाहीत. हाराडा व माएदा यांच्या गणनांत (२००१) सर्वसाधारण अवपातही केंद्राजवळ तिच्याकडेच वळतो. ओरी व पिरान यांच्या मते क सुमारे ०.०१ पेक्षा कमी असल्यास अनंत घनतेचे केंद्र कृष्णविवराच्या क्षितिजाआड न जाता उघडे राहते. असे केंद्र नेहमी क्षितिजाआडच राहते, या पेनरोज यांच्या सेन्सॉरशिप-अनुमानाला हा अपवाद मानावा का, याविषयी मतभेद आहेत. लहान ‘क’साठी उघड्या केंद्राच्या अशा उकली असतात याची सिद्धता ग्वो, हाजिच व जांग यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली; मात्र अस्तित्वाची सिद्धता म्हणजे स्थैर्याची नव्हे.

महाराष्ट्रातील कार्य : मूळ कोल्हापूरचे वि. वा. नारळीकर यांच्याकडे बनारसला काम करताना प्र. चु. वैद्य यांनी प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याच्या बाह्य क्षेत्राची उकल मांडली (१९४३). काळाची दिशा उलटली की तीच आत कोसळणाऱ्या प्रारणाची होते. हे आत जाणारे प्रारण काटेकोर अर्थाने दाबयुक्त द्रायू नव्हे, पण उंबरठा कसा येतो ते येथे हाताने काढून पाहता येते. वस्तुमान काळाच्या ‘म’ पट वाढते व त्रिज्या भागिले काळ = क्ष असे धरल्यास, केंद्रातून किरण बाहेर पडण्याची अट २क्ष² − क्ष + २म = ० अशी येते. विवेचक १ − १६म. म्हणून म १/१६ पर्यंत केंद्र उघडे, त्यापुढे कृष्णविवर. शाळेतल्या वर्गसमीकरणाने एवढा मोठा निवाडा क्वचितच होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी व द्विवेदी यांनी १९८९ ते १९९२ या काळात हा विचार वैद्य-अवपातापासून व्यापक स्वसदृश अवपातांपर्यंत नेला. नागपूरचे सुशांत घोष व पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील नरेश दधीच यांनी २००१ मध्ये दाखवले, की अवकाशाच्या मिती वाढवत नेल्यास उघड्या केंद्रांना वाव कमी होत जातो. हा निष्कर्ष सेन्सॉरशिपच्या बाजूने झुकतो.

आद्य कृष्णविवरे : विश्वारंभीच्या प्रारणयुगातील अवपातास ०.३५५८ हा वरील घातांक लावतात.

धूलिगोल : क = ०; दाब नाही.