पैसे हातात, विमा कुठेच नाही: वॉशिंग्टन राज्य, १९९९

१९९९ च्या अखेरीस अमेरिकेच्या वायव्य टोकावरील वॉशिंग्टन राज्यात एक विलक्षण स्थिती उद्भवली होती. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर निराळे, हे सिएटलचे राज्य.) मायक्रोसॉफ्टचे माहेरघर असलेल्या या संपन्न राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत स्वतःच्या पैशाने नवी वैयक्तिक आरोग्य विमा पॉलिसी घ्यायची म्हटले, तर ती विकणारी कंपनीच उरली नव्हती.

यातील ‘वैयक्तिक’ हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. विम्यासारख्या लाभांना मात्र मोकळीक राहिली. कामगार टिकवण्यासाठी मालक विमा देऊ लागले. १९५४ च्या करसंहितेने या लाभाची करमुक्ती पक्की केली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. शेतकरी, छोटा दुकानदार, नोकरी गमावलेला कारागीर यांच्या वाट्याला खुला बाजार आला. तेथे कंपनी आधी आजार विचारी, मग नकार देई.

हे थांबवण्यासाठी वॉशिंग्टनने १९९३ मध्ये, गव्हर्नर माइक लाउरी यांच्या कारकिर्दीत, व्यापक कायदा केला. आजारी अर्जदाराला कंपनीने नाकारायचे नाही, आणि टप्प्याटप्प्याने प्रत्येक रहिवाशाने विमा घ्यायचाच, अशी त्याची दुहेरी वीण होती. १९९४ च्या निवडणुकीत वारे फिरले. १९९५ मध्ये विधिमंडळाने सक्ती रद्द केली. नकारबंदी लोकप्रिय होती, म्हणून ती राहू दिली. जुन्या आजाराच्या उपचारखर्चासाठी प्रतीक्षा उरली अवघी तीन महिन्यांची.

तहान लागल्यावर विहीर खणण्याला आपण मूर्खपणा म्हणतो. या अर्धवट कायद्याने तोच शहाणपणा ठरवला. धडधाकट माणसे थांबू लागली, आजारी तेवढी आत आली. हप्ते चढले, चढले म्हणून आणखी निरोगी ग्राहक गळाले. विमाशास्त्र याला ‘प्रतिकूल निवड’ म्हणते. प्रसूतीपुरती पॉलिसी घेऊन पुढे हप्ते थांबवले जातात, अशी कंपन्यांची तक्रार होती. ग्राहकांना लबाड ठरवणे सोपे होते. पण महिन्याचे गणित जेमतेम जमवणाऱ्या कुटुंबाने कायद्याने दिलेली मुभाच वापरली होती.

२००० मध्ये राज्याने माघार घेतली. प्रतीक्षा नऊ महिन्यांची झाली, आरोग्याची प्रश्नावली आली आणि सर्वाधिक आजारी असे सुमारे ८ टक्के अर्जदार राज्याच्या ‘अतिजोखीम’ योजनेकडे धाडण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. कंपन्या परतल्या खऱ्या. पण ज्यांना विम्याची सर्वाधिक गरज, त्यांच्याच माथी बाजारभावाहून चढा हप्ता आला.

२०१० च्या संघीय कायद्याने नकारबंदी आणि सक्ती यांची जुनी जोडी २०१४ पासून देशभर लागू केली. सोबत उत्पन्नानुसार हप्त्याचा काही भार उचलणारे अनुदानही दिले. विमा न घेणाऱ्याचा संघीय दंड २०१९ पासून शून्यावर आला. सक्तीचे दात पुन्हा पडले, अनुदान मात्र राहिले. आणि या खेपेस वॉशिंग्टनचा वैयक्तिक बाजार ओस पडला नाही.