अडीच मिलिमीटरचं खोडकाम

टाइपरायटरवर इंचात दहा अक्षरं बसली की त्या टाइपाला पायका म्हणतात, बारा बसली की एलिट. म्हणजे पायकाच्या एका अक्षराच्या वाट्याला अडीच मिलिमीटरहून किंचित जास्त जागा येते, एलिटच्या वाट्याला दोनहून किंचित जास्त. दोन ओळींमधलं अंतर इंचाचा सहावा भाग. शेजारपाजारच्या अक्षरांना धक्का न लावता मधलंच एक अक्षर काढायचं तर रबराचं टोक या मापाहून बारीक हवं. आणि रबर इतकं बारीक केलं की कागदावर टेकताच ते वाकतं. टाइपचं खोडरबर बनवणारे शेवटपर्यंत या एका अडचणीशी झगडत राहिले.

मी मुंबईच्या फोर्टात टाइपरायटर दुरुस्त करत आलो. बोराबाजारातल्या एका गाळ्यात मामांच्या हाताखाली शिकलो. रेमिंग्टन, अंडरवुड, हाल्डा आणि १९५५ पासून बाजारात आलेली आपली गोदरेज, अशी सगळी यंत्रं त्या गाळ्यात यायची. खोडरबराकडे मी पाहतो ते मेकॅनिकच्या नजरेनं, टाइपिस्टच्या नाही. त्यामुळे या वस्तूबद्दल माझ्याकडून फार प्रेमाची अपेक्षा ठेवू नका.

पेन्सिलीचं खोडणं सोपं. शिशाची पूड कागदाच्या अंगावर नुसती बसलेली असते, रबरानं ती उचलली जाते. लंडनचा यंत्रकार एडवर्ड नेर्न १७७० मध्ये अर्ध्या इंचाचे रबरी तुकडे तीन शिलिंगांना विकत होता, आणि शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यानं त्याच वर्षी ही गोष्ट नोंदवून ठेवली. त्याआधी लोक पावाच्या मऊ गरानं पेन्सिल पुसत. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती सापडली, तेव्हा कुठे रबर भरवशाचं झालं.

टाइपची गोष्ट निराळी. रिबिनीच्या कापडात तेलकट शाई मुरलेली असते आणि पोलादी टाइप ती शाई हातोडीसारखा कागदात ठोकतो. ती तंतूंच्या आत जाते, तिथून तिला उचलणार कोण? म्हणून टाइपच्या रबरात प्यूमिसची पूड, म्हणजे ज्वालामुखीचा हलका दगड दळून, घातलेली असते. हे रबर खरं तर कागदच खरवडतं. शाई कागदाबरोबर जाते. बाँड पेपर जाड असेल तर एकदा खरवडणं खपतं. दुसऱ्यांदा त्याच जागी हात फिरवलात की उजेडात धरल्यावर खिडकी दिसते. फोर्टातले जुने टाइपिस्ट तर दाढीचं अर्धं ब्लेड जवळ ठेवत, आणि त्यांच्या हाताला सवय इतकी की रबरापेक्षा ब्लेडनं काम साफ व्हायचं.

सुरुवातीच्या यंत्रांवर चूक लगेच दिसायचीच नाही, हे आज कुणाला सांगून खरं वाटत नाही. मिलवॉकीच्या शोल्सनं रचलेलं आणि रेमिंग्टननं १८७४ पासून विकलेलं यंत्र आंधळं होतं. टाइप खालून वर येऊन रुळाच्या पोटावर बसायचा, त्यामुळे काय उमटलं हे पाहायला कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, उचलावी लागे. तोवर पुढच्या ओळी छापून झालेल्या. कागद काढून खोडायचा तर परत त्याच ओळीवर बसवणं हे एक दिव्यच. १८९० च्या दशकात अंडरवुड आलं, त्याचे टाइप समोरून पडू लागले आणि टाइपिस्टला अक्षर उमटताक्षणी दिसू लागलं. चूक दिसली की ती तिथल्या तिथे, कागद यंत्रात असतानाच काढायची सोय झाली. खोडरबर टाइपिस्टच्या हाताशी कायमचं आलं ते या दिसणाऱ्या यंत्रामुळे, असं माझं मत आहे.

चाकासारखं गोल रबर, मध्ये पत्र्याची टिकली आणि तिच्यातून बाहेर आलेला ब्रश, हा आकार मग ठरून गेला. त्यातली हुशारी मी मान्य करतो. धार पातळ, पण तिच्यामागे अख्ख्या चकतीचं बळ असल्यामुळे ती वाकत नाही. एक जागा झिजली की चकती थोडी फिरवायची. सगळी कड गोलसर झाली तर सँडपेपरवर घासून पुन्हा धार काढायची. शिल्पकार क्लेस ओल्डनबर्ग लहानपणी वडिलांच्या ऑफिसात असल्या रबराशी खेळला होता. पुढे त्यानं कूश्या व्हान ब्रुगेनबरोबर त्याचंच घराएवढं शिल्प केलं, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या बागेत उभं आहे. दुसरा प्रकार लाकडी पेन्सिलीसारखा: शिशाच्या जागी रबर, मागे ब्रश. याला शार्पनर लावायचा. निम्मं रबर खोडण्यात जायचं आणि निम्मं शार्पनरमध्ये.

ब्रश कशासाठी, हे मेकॅनिकला विचारा. खोडलं की चुरा पडतो. तो प्यूमिसमिश्रित चुरा यंत्रात उतरला तर जिथे सगळ्या टाइपबारांची, म्हणजे टाइपच्या दांड्यांची, मुळं एका कमानीत दाटीनं बसलेली असतात, त्या सेगमेंटच्या खाचांत जाऊन बसतो. वरून कुणी शहाण्यानं तेल सोडलेलं असलं की त्याचा लगदा होतो आणि टाइपबार अर्ध्यावर अडकतो. आमच्याकडे ‘अक्षर अडकतंय’ म्हणून येणारी बरीचशी यंत्रं याच दुखण्याची. रॉकेलनं धुवायचं, ब्रश मारायचा, परत कोरडं करायचं. टायपिंग क्लासात पहिल्या आठवड्यातच शिकवत की खोडण्याआधी कॅरेज एका टोकाला सरकवा, म्हणजे चुरा बाहेर पडेल. शिकवत सगळे, सरकवत थोडे.

आता रिफिल बदलायच्या खोडरबराचं. कल्पना दाढीच्या ब्लेडची आहे: मूठ एकदाच विकत घ्या, झिजणारा भाग पुन्हापुन्हा. जिलेटनं १९०३ पासून सेफ्टी रेझर विकून दाखवल्यावर कुठल्या धंद्याला हा मोह झाला नसेल? खोडरबराच्या बाबतीत त्यात आणखी एक खरा फायदा होता. रबर धातूच्या नळीत धरलं आणि टोक जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर ठेवलं, तर ते बारीक असूनही वाकणार नाही. म्हणजे पहिल्या परिच्छेदातल्या अडचणीवर हेच उत्तर. निवृत्तीनंतर भाच्याच्या कॉम्प्युटरवर मी अमेरिकन पेटंटांच्या आकृत्या पाहत बसतो. कुठे मागचा स्क्रू फिरवून रबर पुढे ढकलायचं, कुठे ड्राफ्ट्समनच्या क्लच पेन्सिलीसारखे जबडे. कागदावर सगळी सुरेख.

प्रत्यक्षातली एक नळी मी पाहिली ती बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत. तिथल्या पारशी हेड टाइपिस्टकडे निकेलची, फाउंटन पेनाएवढी नळी होती, कुण्या बोटीवरच्या अधिकाऱ्यानं आणून दिलेली. माणूस हौशी. रिफिल संपल्यावर मुंबईत ती कुठेच मिळेना, तेव्हा त्यानं ती नळी आमच्या गाळ्यात आणून मामांपुढे ठेवली. ‘डिकरा, आमा रबर नाख,’ एवढीच मागणी.

मामांनी चाकाच्या रबराची चकती ब्लेडनं कापून काड्या पाडल्या आणि नळीत घातल्या. लिहिण्याच्या जोरानं दाबलं की काडी मागे जाई. स्क्रू आवळला तर रबर आतच फुगून अडकून बसे, मग पुढेही येईना. जबड्यांत प्यूमिसची पूड जाऊन ते गुळगुळीत झालेले. घट्ट धरायचं त्यांचं कामच संपलेलं. रबरातल्या गंधकानं नळीचं आतलं अंग काळं पडलं होतं ते वेगळंच. मामा वैतागले आणि त्यांनी गोल नळीचा नाद सोडला.

त्यांनी पितळी पट्टी दुमडून चपटं घर केलं, आत दीड मिलिमीटरची फट. चकतीची सबंध पातळ फोड त्यात उभी घातली आणि बाजूनं एक छोटा स्क्रू लावला, मागून ढकलणारा नव्हे, आडवा दाबणारा. आडव्या दाबानं रबर जागचं हललं नाही. टोक दोन मिलिमीटर बाहेर. ‘ओ’चा वर्तुळाकार काठ निघायचा आणि शेजारचा ‘एन’ शाबूत राहायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पारशीबाबा खूश. पण पेटंटवाल्यांना जो पेच पडला असणार तो मामांनाही पडला: ब्रश कुठे लावायचा? रिफिल घालायचं तोंड मागे हवं आणि ब्रशही मागेच हवा. मामांनी तोंड बाजूला काढून ब्रश मागे बसवला, पण मग स्क्रूची मूठ बोटाला टोचायची. शेवटी ब्रश सुटा दिला. सुटा ब्रश टेबलावर राहिला, चुरा यंत्रात गेला आणि आठ महिन्यांनी तेच यंत्र सेगमेंट धुवायला आमच्याकडे आलं.

रिफिलच्या धंद्याचा दुसरा घात मुंबईच्या हवेनं केला. रबर ठेवल्याठेवल्या म्हातारं होतं, वरचं अंग कडक आणि चकचकीत होऊन कागदावर नुसतं घसरतं. चाकाची कड घासून ताजी करता येते. बारीक रिफिल घासायला गेलात तर उरतच नाही. दुकानदार अशी वस्तू कशाला भरून ठेवील?

आणि हे सगळं वरच्या एका प्रतीपुरतं. खाली चार कार्बन असले की प्रत्येक कार्बनमागे कागदाची चिठ्ठी सरकवायची, म्हणजे वरचा दाब खालच्या प्रतीवर काळा डाग उमटवणार नाही. मग वरची प्रत कडक रबरानं, खालच्या मऊ रबरानं, एकेक करून. एका अक्षराला पाच खोडणी. भरलेली नळी हातात असून काय उपयोग? कोर्टाबाहेरच्या टाइपिस्टांना तर कसलंच रबर चालत नसे. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं २० वं कलम सांगतं की दस्तात खोडाखोड किंवा फेरफार असेल आणि करून देणाऱ्यानं तिथे सही किंवा आद्याक्षरं केली नसतील, तर नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. म्हणून किल्ला कोर्टापाशी बसणारे चुकीच्या शब्दावर सरळ ‘एक्स’ची रांग ठोकत, वर बरोबर शब्द टाइप करत आणि पक्षकाराची सही घेत. साफ खोडलेला कागद तिथे संशयाचा कागद.

मराठी यंत्रावर तर या परदेशी रबरांची पंचाईतच व्हायची. इंग्रजी अक्षर बहुतेक एका पट्ट्यात मावतं. आपलं तीनमजली घर. मात्रा, अनुस्वार वर, उकार खाली, आणि यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज पुढे जात नाही, म्हणून एकाच जागेवर दोनतीन ठोके पडलेले. भ, ध, श तर अर्ध्या अक्षराला काना जोडून बनायचे. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. ‘ध’चा ‘घ’ झाला तर काना तसाच ठेवून डावीकडचा अर्धाच भाग काढायचा, तोही वरची मात्रा न दुखावता. इथे मामांची चपटी पट्टी चाकापेक्षा सरस ठरायची. परळच्या एका टायपिंग क्लासच्या बाईंनी तशा दोन करून घेतल्या होत्या.

तोवर तिकडे अमेरिकेत डॅलसमध्ये बेट नेस्मिथ ग्रॅहम नावाच्या सेक्रेटरीनं दिशाच बदलली होती. नव्या इलेक्ट्रिक यंत्रांच्या कार्बन फिल्म रिबिनीचा ठसा रबरानं घासला की काळा फराटा पडायचा. बँकेच्या खिडकीवर नाताळची चित्रं रंगवणारे लोक चुकलेली रेघ खोडत नाहीत, वरून रंग देतात, हे तिनं पाहिलं आणि १९५१ च्या सुमारास पांढरा टेंपेरा रंग बाटलीत भरून ऑफिसात नेला. १९५६ मध्ये ती तो विकू लागली, पुढे त्याचं नाव लिक्विड पेपर झालं, आणि १९७९ मध्ये कंपनी पावणेपाच कोटी डॉलरला विकली गेली. घेणारा कोण? जिलेट. ब्लेडच्या रिफिलवर मोठी झालेली कंपनी शेवटी बाटलीच्या मागे गेली, खोडरबराच्या नाही.

आपल्याकडे कोरेस कंपनीची तसल्याच पांढऱ्या रंगाची बाटली आली आणि चाकं ड्रॉवरच्या तळाला गेली. मेकॅनिकला सुख मिळालं असं समजू नका. सुकायच्या आत लोक वरून टाइप करत, आणि ‘ई’, ‘ओ’, ‘ए’च्या पोटात पांढरा गिलावा भरून यायचा. तो टाचणीनं काढत बसलोय मी. खरं उत्तर आयबीएमनं १९७३ च्या करेक्टिंग सिलेक्ट्रिकमध्ये दिलं: शाईच अशी करा की ती कागदात मुरणार नाही, आणि चिकट फितीवर तेच अक्षर परत ठोकून ती उचलून घ्या. इतकी वर्षं सगळे हत्यार सुधारत बसले, दोष रिबिनीत होता.

रिफिलवाल्यांतला एक प्रकार टिकला. रबराच्या जागी काचेच्या बारीक तंतूंची जुडी घातलेली, फिरवून पुढे येणारी लेखणी. टाइपसाठी ती मी कधीच कुणाला सुचवली नाही; कागद फाडते आणि काचेची कुसळं बोटांत जातात. पण घड्याळजी आणि सर्किट बोर्ड दुरुस्त करणारे लोक गंजलेले संपर्कबिंदू घासायला ती आजही वापरतात, आणि तिचं चार मिलिमीटरचं रिफिल अजून विकत मिळतं.