एकाच गावात एकालाच आजार का?

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. काही दिवस ताप राहावा, उतरावा आणि पुन्हा चढावा, असा क्रम सुमारे पाच महिने चालला. विदर्भात अशा तापामागे हिवताप असेल, अशी शंका प्रथम येते. मात्र रुग्णाच्या रक्तात हिवतापाच्या जंतूऐवजी वळवळणारा, लांबट आकाराचा निराळाच परजीवी आढळला. तो ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ असल्याचे पुढील तपासणीत निष्पन्न झाले. गुरे, घोडे, उंट यांना होणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाचा हा जंतू माणसाला बाधत नाही, अशी तोवर वैद्यकशास्त्राची समजूत होती.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. इव्हान्सी जंतूमुळे माणसाला झालेल्या आजाराची ही पहिली सविस्तर नोंद ठरली. मेंदूपर्यंत जंतू पोहोचलेला नव्हता. ‘सुरामिन’ हे आफ्रिकेतील निद्रारोगासाठी वापरले जाणारे जुने औषध देण्यात आले आणि रुग्ण बरा झाला. प्रश्न मात्र उरला. गोठ्यात जनावरांच्या सहवासात असंख्य माणसे आयुष्य काढतात. मग हा आजार याच एका माणसाला का झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते उष्ण कटिबंधातील परजीवी रोग आणि मानवी आनुवंशिकता यांच्यातील नाते उलगडणारे आहे.

गावातील रक्ततपासणी

रुग्णाच्या गावातील १,८०६ लोकांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ४१० जणांच्या रक्तात प्राथमिक चाचणीला प्रतिसाद मिळाला. रक्तजल म्हणजे सीरम विरळ करून केलेल्या अधिक काटेकोर चाचणीत ही संख्या ८१ वर आली. चाचणीला ठळक प्रतिसाद देणाऱ्या ६० जणांच्या रक्तात प्रत्यक्ष जंतू शोधण्यात आले. ते एकाच्याही रक्तात सापडले नाहीत. या आकड्यांवरून गावातील काही लोकांचा जंतूशी संबंध आला असावा, पण त्यांच्या शरीराने तो टिकू दिला नाही, अशी शक्यता दिसते. चाचणीचा काही प्रतिसाद अन्य कारणांनीही येऊ शकतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

रक्तातील पहारेकरी

सर्राचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात शोधला. त्याच कुळातील जंतू आफ्रिकेत त्सेत्से माशीमार्फत निद्रारोग पसरवतात. या जंतूंचे एक वैशिष्ट्य आहे. त्यांच्या अंगावरील प्रथिनांचे आवरण ते वारंवार बदलतात. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करावीत, तोवर जंतूंची पुढची पिढी नव्या वेषात हजर असते. ताप चढत-उतरत राहतो तो यामुळेच. अशा शत्रूपुढे केवळ प्रतिपिंडांवर विसंबून चालत नाही.

माणसाच्या रक्तजलात या कुळातील जंतूंना मारण्याची शक्ती असते, हे हिवतापाच्या परजीवीचा शोध लावणाऱ्या आल्फोन्स लाव्हेराँ यांच्या १९०२ मधील निरीक्षणातून पुढे आले होते. ही शक्ती कशात आहे, हे कळण्यास शंभर वर्षे लागली. ब्रुसेल्स येथील संशोधकांनी २००३ मध्ये त्याचे श्रेय ‘अपोलिपोप्रोटीन एल-१’ या प्रथिनाला दिले. हे प्रथिन ‘एपीओएल-१’ या जनुकावरून तयार होते आणि हे जनुक २२ व्या गुणसूत्रावर असते.

त्याचे कार्य गळाला लावलेल्या आमिषासारखे आहे. जंतूला वाढीसाठी रक्तातील हीम हा लोहयुक्त घटक लागतो. तो मिळवण्यासाठी जंतू रक्तातील ठरावीक कण गिळतो. त्याच कणांवर हे प्रथिन बसलेले असते. जंतूच्या आत, पचन करणाऱ्या आम्लयुक्त पिशवीत गेल्यावर ते तिच्या आवरणाला छिद्रे पाडते. क्षार व पाणी आत शिरून जंतू फुगतो आणि मरतो. या संरक्षणासाठी पूर्वी आजार झालेला असण्याची किंवा लस टोचण्याची गरज नसते. ते जन्मजात असते.

चंद्रपूरच्या रुग्णाच्या रक्तजलात हीच शक्ती नव्हती. आई व वडील या दोघांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता. अक्षर गळाल्यामुळे किंवा वाढल्यामुळे पुढील सारे वाक्य निरर्थक व्हावे, तसा हा दोष असतो. त्यामुळे प्रथिन तयारच होत नव्हते. प्रयोगशाळेत या रक्तजलात ते प्रथिन बाहेरून मिसळताच जंतू मरू लागले. हे निष्कर्ष २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

या कथेला एक पुरवणी आहे. २०१५ मध्ये व्हिएतनाममधील एका महिलेला याच जंतूची बाधा झाली. तिच्या रक्तात हे प्रथिन पुरेसे होते आणि जनुकही निर्दोष होते. म्हणजे जनुकातील दोष हे महत्त्वाचे कारण असले, तरी ते एकमेव कारण नव्हे.

डाव आणि प्रतिडाव

आफ्रिकेत निद्रारोगाच्या दोन जंतूंनी या पहारेकऱ्याला चकवण्याचे मार्ग शोधले. पूर्व आफ्रिकेतील ऱ्होडेसिएन्स हा प्रकार एक विशिष्ट प्रथिन तयार करून माणसाच्या प्रथिनाला जखडून ठेवतो. त्यावर मानवी जनुकानेही प्रतिडाव टाकला. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांत या जनुकाची ‘जी-१’ व ‘जी-२’ अशी बदललेली रूपे आढळतात. त्यांच्यापासून तयार होणारे प्रथिन ऱ्होडेसिएन्सच्या पकडीतून कमीअधिक प्रमाणात निसटते.

या संरक्षणाची किंमत २०१० मध्ये उघड झाली. ज्यांच्याकडे अशा बदललेल्या रूपांच्या दोन प्रती असतात, त्यांना मूत्रपिंडाचे गंभीर विकार होण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतील सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीयांकडे अशा दोन प्रती आहेत. त्यांचे पूर्वज ज्या माशीच्या प्रदेशात राहत होते, तो प्रदेश मागे राहिला. जनुक मात्र सोबत आले.

येथे चंद्रपूरचा रुग्ण पुन्हा महत्त्वाचा ठरला. मूत्रपिंड बिघडते ते प्रथिन कमी पडल्यामुळे की बदललेले प्रथिन अपाय करते म्हणून, असा वाद होता. ज्याच्या शरीरात हे प्रथिन मुळीच नाही, असा माणूस अभ्यासासाठी उपलब्ध होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथिनाच्या अभावाचा मूत्रपिंडाच्या त्या विकाराशी संबंध आढळला नाही. प्रथिनाचे कार्य औषधाने रोखले तर मूत्रपिंडाला अपाय होणार नाही, या अपेक्षेला त्यामुळे बळ मिळाले. ‘इनॅक्साप्लिन’ या अशा औषधाच्या मोजक्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १३ आठवड्यांनंतर लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण सरासरी सुमारे ४८ टक्क्यांनी घटले होते.

हिवतापाने घडवलेले रक्त

संरक्षण आणि त्याची किंमत यांचे हे गणित हिवतापात अधिक व्यापक प्रमाणावर दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार लोक मृत्युमुखी पडले. हजारो वर्षे लहान मुलांचे बळी घेणाऱ्या या रोगाने मानवी रक्तावर खोल ठसा उमटवला आहे.

हिवतापाच्या प्रदेशात रक्ताचे आनुवंशिक विकार टिकून राहतात, त्यामागे हिवतापापासून मिळणारे संरक्षण असावे, असा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून सिकलसेल वाहकांना फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळते, असे दाखवून दिले.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच, पण प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. ज्यांच्याकडे दोषयुक्त जनुकाची एकच प्रत असते, ते वाहक. जंतू शिरलेल्या त्यांच्या पेशी लवकर वाकतात आणि प्लीहा त्यांना रक्तातून दूर करते. त्यामुळे वाहकांना गंभीर हिवतापाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. दोन्ही प्रती दोषयुक्त असलेल्या रुग्णांचे मात्र तसे नाही. तीव्र वेदना, पंडुरोग आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग त्यांच्या वाट्याला येतो आणि हिवताप झाल्यास त्यांची प्रकृती वेगाने खालावते.

विदर्भ व नंदुरबार परिसरातील आदिवासी तसेच अन्य काही समाजांत सिकलसेल आढळतो. राज्यात हिवतापाचा मोठा भार असलेला गडचिरोली जिल्हाही याच पट्ट्यात येतो. ‘सिकलसेल असेल तर हिवताप होत नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. वाहकालाही हिवताप होऊ शकतो आणि रुग्णाला तर मच्छरदाणी व तातडीचा उपचार यांची गरज इतरांहून अधिक असते. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल सिकलसेलचे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

हिवतापाचा दुसरा प्रकार व्हायव्हॅक्स. त्याच्या जंतूला तांबड्या पेशीत शिरण्यासाठी पेशीवरील ‘डफी’ नावाच्या प्रथिनाचा आधार लागतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर ते नसते. तेथे व्हायव्हॅक्स दुर्मीळ असण्याचे हे प्रमुख कारण, हे १९७० च्या दशकात लुईस मिलर व सहकाऱ्यांनी दाखवले. मात्र ही तटबंदीही अभेद्य नाही. डफी नसलेल्यांनाही व्हायव्हॅक्स झाल्याचे मादागास्करमधील अभ्यासातून २०१० मध्ये स्पष्ट झाले.

कल्याणचे नाव असलेला दोष

जनुकाचे ज्ञान दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचते, ते जी-६-पीडी या विकराच्या बाबतीत. हे विकर तांबड्या पेशींना ऑक्सिडीकरणामुळे होणाऱ्या हानीपासून वाचवते. जगात सुमारे ४० कोटी लोकांत त्याची कमतरता असून तिचा भौगोलिक विस्तार हिवतापाच्या प्रदेशाशी मोठ्या प्रमाणात जुळतो. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या प्रकारांपैकी एकाचे नाव ‘केरळ-कल्याण’ असे आहे. यातील कल्याण हा प्रकार एका कोळी कुटुंबात आढळला आणि १९८४ मध्ये त्याची नोंद झाली. केरळ व कल्याण हे दोन्ही प्रकार एकाच जनुकीय बदलाचे असल्याचे पुढे डीएनए तपासणीतून कळले.

एरवी अशा व्यक्तीला काहीही त्रास नसतो. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ते नष्ट करण्यासाठी प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस दिले जाते. विकराची कमतरता असलेल्या व्यक्तीत याच औषधामुळे तांबड्या पेशी फुटू लागतात. औषधाची ही बाधा म्हणजे विकराच्या कमतरतेचा परिणाम, हे १९५६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत कमतरता अधिक आढळते. एका मात्रेत काम करणारे ‘टॅफेनोक्विन’ हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पण शरीरात दीर्घकाळ राहणारे हे औषध देण्यापूर्वी विकराची तपासणी अनिवार्य आहे.

काळा आजार आणि प्रतिकारशक्ती

प्रत्येक रोगात एखादेच जनुक निर्णायक असते असे नाही. बिहार व लगतच्या राज्यांतील काळ्या आजारात लिशमॅनिया जंतूची बाधा झालेल्या अनेकांना आजार होतच नाही. हा जंतू शरीरातील भक्षक पेशींतच मुक्काम करतो. टी-पेशींनी ‘इंटरफेरॉन गॅमा’ या संदेशवाहक द्रव्याद्वारे भक्षक पेशींना चेतवले, तर जंतू मारला जातो. हा प्रतिसाद दबला, तर प्लीहा व यकृत वाढून आजार बळावतो. भारत व ब्राझीलमधील रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात ‘एचएलए’ जनुकसमूहातील एका भागाचा या आजाराशी संबंध आढळला. जंतूचे तुकडे टी-पेशींपुढे सादर करण्याचे काम हीच जनुके करतात. अर्थात कुपोषण व एचआयव्ही यांसारखी कारणेही तेवढीच निर्णायक असतात.

रुग्णाने काय ध्यानात ठेवावे

परजीवी रोगाचा धोका जंतू, कीटक, घर, आहार आणि जनुके यांच्या संयोगाने ठरतो. जनुक बदलता येत नाही. ते माहीत असल्यास उपचार मात्र बदलता येतो. प्रायमाक्विन सुरू असताना लघवी काळपट वा लालसर होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास औषध थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. कुटुंबात पूर्वी कोणाला औषधानंतर असा त्रास झाला असेल, तर ते उपचारापूर्वीच सांगावे. सिकलसेलचा रुग्ण असल्यास तापाच्या पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आणि उपचारांना दाद न देणारा ताप वारंवार येत असेल, तर रक्ताचा नमुना पुन्हा तपासला जावा, असा आग्रह धरावा. चंद्रपूरच्या शेतकऱ्याचे निदान झाले, ते रक्तातील जंतूची नेमकी ओळख पटल्यामुळेच.