वातरक्ताचे औषध आणि विष

मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी सुजून लाल व्हावा आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसू नये, असे ज्याचे रूप, त्या वातरक्तावर (डॉक्टर त्यालाच गाऊट म्हणतात) माणसाने विषाचे औषध शोधावे, यात नवल नाही.

हे औषध कोल्चिकमच्या कंदाचे. काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस देशावरून हे नाव पडले; विषविद्येत निपुण असलेली ग्रीक पुराणातली मीडिया तिथलीच. युनानी हकिमांचा सुरंजान तो हाच. आपल्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही तेच विष असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

अठराव्या शतकात हुसाँ नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने एक गुप्त ‘औषधी पाणी’ विकायला काढले. गुण येई, पण त्यात काय आहे ते तो सांगेना. 1814 साली जॉन वाँट या इंग्रज वैद्याने ते गुपित कोल्चिकम असल्याचे सांगितले आणि 1820 मध्ये पेल्तिये व काव्हाँतू यांनी त्यातले सत्त्व वेगळे काढले. सत्त्व हाती आले, तरी मात्रेचा प्रश्न सुटला नाही. दुखणे थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत गोळ्या देत राहावे, असा प्रघात पडला. म्हणजे विषबाधेची पहिली खूण हीच मात्रेची सीमा! 1.8 मिलिग्रॅमचा गुण 4.8 मिलिग्रॅमइतकाच येतो आणि त्रास पुष्कळ कमी होतो, हे रीतसर चाचणीने प्रसिद्ध व्हायला 2010 साल उजाडले.

दुसरे संकट अधिक छुपे आहे. शरीर हे औषध यकृतातून आणि आतड्यातून निकालात काढते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे जंतुनाशक नेमकी तीच वाट अडवते. मग नेहमीचीच गोळी अंगात साठू लागते, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर लवकरच साठते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये जे मृत्यू तपासले, त्यांत नेहमीच्या मात्रेत औषध घेणारे 117 जण होते. त्यांतल्या 60 जणांच्या औषधांत क्लॅरिथ्रोमायसिन होते. छातीच्या विकारासाठी एकाने लिहून दिलेली चिठ्ठी दुसऱ्याने दिलेली पाहत नाही, हे आपल्या गावातही घडते.

बाधेचा पहिला दिवस पटकीसारखा जातो: उलट्या, जुलाब. मग थोडे बरे वाटल्यासारखे होते, आणि एक-दोन दिवसांत हाडांतला मगज रक्तपेशी निर्माण करीनासा होतो, हृदय खचते. याला सर्वत्र मिळेल असा उतारा नाही आणि डायलिसिसनेही हे विष निघत नाही.