मावळच्या नद्यांतील खुद्री मासा व त्याचे शत्रु

बेडसें येथील लेण्यांचा विषय इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका हिनें दान केलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेख तेथें आहे, व त्यावर बरीच चर्चा होऊन गेली आहे. परंतु लेण्यांसमोर पसरलेल्या खोऱ्यांतून जी पवना वाहते तिच्या पाण्यासहि स्वतःचे कागदपत्र आहेत, इकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. ही नदी दापोडीजवळ मुळेस मिळते. मुळा पुण्यास मुठेस मिळते. व तो संयुक्त प्रवाह पुढें भीमेंत जातो. डोंगराच्या पलीकडील इंद्रायणी तुळापुरास भीमेस मिळते. या जलमार्गांतील एका माशाची हकीकत येथें मांडावयाची आहे. तिचें प्रयोजनहि आजचेंच आहे. महाडजवळील सावित्रींत व सांगलीकडील कृष्णेंत मगरींचा वावर वाढल्यापासून, व जेथें जेथें ऊद म्हणजे पाणमांजर दिसूं लागतें तेथें तेथें, एकच प्रश्न विचारला जातो: हे शिकारी परत आले म्हणजे मासे संपणार नाहींत काय? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां पुराव्यानें देणें बरें.

पुरावा फार मागें जातो. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झालीं असतां काढलेल्या आज्ञेंत, अवध्य प्राण्यांत कांहीं मासे गणले आहेत. ठराविक तिथींस मासे मारूं वा विकूं नयेत असें सांगितलें आहे. आणि ‘केवटभोग’ म्हणजे कोळ्यांच्या राखीव जलाशयांचा उल्लेख केला आहे. दक्षिणेंत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें एक प्रकरणच आहे. त्यांत माशांच्या जाति, कोणत्या जातीस कोणतें खाद्य आवडतें, गळ, दोरी व काठी कशी असावी, याचें विवेचन आहे. गळानें मासे धरण्याची कला इंग्रजांनीं येथें आणिली, हा समज या एका प्रकरणानें खोटा ठरतो. डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या प्रकरणाचा सविस्तर परामर्श घेतला.

मावळच्या पाण्याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र एकोणिसाव्या शतकांत मिळतो. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा १८२४ पासून १८३१ पर्यंत मुंबई सरकारच्या नोकरींत दख्खनची सांख्यिक पाहणी करीत होता. त्यानें १८३१ सालीं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढें ठेविली. तींत ऊद आहे. पुढें १८३९ च्या सुमारास त्यानें दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. तो करतांना त्यानें एक मोठी चांगली गोष्ट केली: शास्त्रीय नांवांत येथील लोकांच्या तोंडचीं नांवें घातलीं व मासा कोठें मिळाला तें स्थळ नोंदून ठेविलें. पुण्याच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर मुळा-मुठेंत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशास त्यानें ‘खुद्री’ म्हटलें. शिरूरजवळ घोडनदींत मिळालेल्या दुसऱ्या एका मोठ्या माशास ‘मसुळा’ म्हटलें. या दोन नांवांवरच पुढील सर्व कथा उभी आहे, म्हणून वाचकांनीं तीं लक्षांत ठेवावीं.

साईक्सच्या या दोन निबंधांवरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. ज्या काळीं ऊद दख्खनच्या प्राण्यांत नोंदला गेला त्याच काळीं खुद्री व मसुळा यांसारखे मोठे मासेहि येथील नद्यांत होते. भक्षक व भक्ष्य एकाच प्रदेशांत नांदत होते, व त्यायोगें मासा नाहींसा झाला नव्हता. ऊद जाळें फाडतो, अडकलेला मासा पळवितो, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाहीं. ज्याचें पोट एका जाळ्यावर आहे त्यास तें नुकसान थोडें नव्हे. परंतु जाळ्याचें नुकसान आणि नदी ओसाड होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नदी ओसाड कशानें झाली, याचाहि पुरावा उपलब्ध आहे. फ्रान्सिस डे यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या माशांसंबंधीं सरकारास अहवाल दिला. माशांच्या शत्रूंत त्यानें मगर व ऊद यांसहि गणले. पण बारीक छिद्रांचीं जाळीं, प्रवाहांत कायमचे रोवलेले सापळे, विषप्रयोग आणि माशांची वाट अडविणारे बंधारे यांकडे त्यानें विशेष लक्ष वेधलें. त्यानंतर १८९७ सालीं जो मत्स्यविषयक कायदा झाला त्यानें सुरुंगाच्या दारूनें व विषानें मासे मारण्यास बंदी केली. कायदा करणारांनीं बोट ठेविलें तें माणसाच्या कृत्यावर, जनावराच्या दांतावर नव्हे.

मावळांत याहून मोठी घडामोड धरणांनीं केली. लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला १९११ सालीं बसली व १९१५ सालीं खोपोलीस वीज सुरू झाली. वळवण, शिरवता व लोणावळा येथील तलाव त्या योजनेचे होत. पुढें मुळशीचें धरण झालें. त्याविरुद्ध सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं झालेला सत्याग्रह प्रसिद्धच आहे. पवनेचें धरण १९७२ सालीं पुरें झालें. पहिल्या पावसाबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्यांस आपल्याकडे चढणीचे मासे म्हणतात व त्या समयास वलगण. ही चढण अंडीं घालण्यासाठीं असते. खुद्रीस वाहतें, स्वच्छ, वायुयुक्त पाणी लागतें, व इतर कित्येक माशांच्या मानानें त्याचीं अंडीं थोडीं व मोठीं असतात; म्हणजे एक वर्षाची चढण चुकली तर तूट लवकर भरून येत नाहीं. आडवा बांध वर व कारखान्यांची आणि शहराची घाण खालीं, अशा कोंडींत हा मासा सांपडला.

येथें कथेस वळण लागतें. ज्या तलावांनीं चढण अडविली त्याच लोणावळ्याच्या तलावांवर या माशाच्या जोपासनेचें काम १९७० च्या सुमारास सुरू झालें. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं खुद्रीच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत १९७१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९७८ सालीं श्री. ओगले यांच्यासह कृत्रिम पैदाशीवर दुसरा निबंध लिहिला. टाटांच्या केंद्रांत लक्षावधि पिलें तयार झालीं व तीं अनेक प्रांतांस देण्यांत आलीं. हें काम सद्धेतूचें व श्रमाचें होतें, आणि जागतिक यादींत विपद्ग्रस्त म्हणून नोंदलेली ही जाति पुढें त्या वर्गांतून बाहेर निघाली, यांत या कामाचा वांटा आहे, हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु हीं पिलें कावेरींतहि सोडण्यांत आलीं. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता: पाठीस उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, प्रचंड वाढणारा. १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एका गृहस्थानें कावेरीची उपनदी कबिनी हिच्यांत १२० पौंडांचा महाशीर गळानें धरला, तो विक्रम म्हणून सांगितला जातो. कावेरीकांठच्या गलिबोर येथील गळ टाकणारांच्या तळावर १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदवह्या राखलेल्या होत्या. अभ्यासकांनीं त्या तपासून २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, गळास लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली, पण ते बहुतेक बाहेरून आणलेले निळ्या परांचे खुद्री; उंचवट्याचा मूळ महाशीर जवळजवळ नाहींसा झाला. सुरुंग, चोरटी शिकार व धरणें यांचाहि त्यांत हात असेल. परंतु वनस्पति, किडे, शंख व लहान मासे असें सर्व कांहीं खाणारा हा पाहुणा मूळच्या माशाचा प्रतिस्पर्धी झाला, यांत फारशी शंका नाहीं. वहींत आंकडा फुगत होता, म्हणून नदी सुखी आहे असें वाटत राहिलें.

आतां साईक्सचीं दोन नांवें पुन्हा पाहूं. कावेरीच्या त्या उंचवट्याच्या माशास कित्येक वर्षें ‘मसुळा’ हेंच शास्त्रीय नांव चिकटविलेलें होतें. वस्तुतः साईक्सचा मसुळा शिरूरच्या घोडनदीचा, निराळाच मासा; हें मूळ निबंध व स्थळ पुन्हा तपासल्यावर अलीकडे स्पष्ट झालें. कावेरीचा मासा म्हणजे २००७ सालीं पांबार नदींतून वर्णिलेली ‘रेमादेवी’ जाति होय, असें २०१८ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं ती अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. म्हणजे दख्खनच्या एका माशाच्या नांवाखालीं कावेरीचा मासा झांकला गेला होता, व दख्खनच्याच दुसऱ्या माशाच्या पिलांनीं त्याची जागा घेतली. ज्याचें नांवच चुकलें त्याचा कैवार कोण घेणार? ताम्रपटांतील गांवाचें नांव चुकीचें लाविलें तर दान भलत्याच गांवास जातें, हें आम्ही जाणतों. येथेंहि तसेंच झालें.

यावरून मूळ प्रश्नास उत्तर देतां येतें. नदीच्या मूळच्या शिकाऱ्यानें, मग तो ऊद असो कीं मगर, मासा संपविल्याचा पुरावा आमच्या नद्यांच्या इतिहासांत आढळत नाहीं. दुसऱ्या नदींतून आणून सोडलेल्या माशानें मूळच्या माशास मागें सारल्याचा पुरावा मात्र डोळ्यांसमोर आहे. मच्छीमाराच्या फाटलेल्या जाळ्याची भरपाई करणें हें न्याय्य आहे व तें शक्यहि आहे. गेलेली जाति भरून देणें शक्य नाहीं. महाड तालुक्यांतील वाळणकोंडींत व वाडें तालुक्यांत वैतरणेकांठीं तिळसें येथें देवतेच्या नांवानें डोहांतील मासे राखले जातात. तेथें कोणीं बाहेरून बियाणें आणिलें नाहीं. डोह राखला व मासा आपोआप राहिला. पवनेस व इंद्रायणीस खुद्री परत हवा असेल तर तो त्यांच्याच जलमार्गाच्या वंशाचा असावा, त्याची चढण मोकळी असावी, आणि त्यामागून पाणमांजर आलें तर तें नदी जिवंत असल्याची साक्ष समजावी.