आश्रयाची अट

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारों माणसें जातात येतात. त्या नांवांत ‘शरण’ हा शब्द आहे याची आठवण त्यांतील किती जणांस होत असेल, देव जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनीं गांवाबाहेर ही वस्ती वसविली. अरबी गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकेंतील गुलाम मुलें पुढें तेथें आणून ठेवण्यांत आलीं. त्यांस लिहिणें-वाचणें, सुतारकाम व लोहारकाम शिकविण्यांत येई. डॉ. लिव्हिंग्स्टन यांचें शव घेऊन १८७४ सालीं इंग्लंडास गेलेला जेकब वेनराइट हा याच शाळेंतला. येथील आश्रय निरपेक्ष होता असें म्हणवत नाहीं. ख्रिस्ताचा धर्म त्या आश्रयाबरोबरच येत असे. परंतु तूं गुलाम झालास तो कोणाच्या दोषानें, हा सवाल त्या मुलांपुढें नव्हता.

आम्हांस हा सवाल आठवण्याचें कारण एड्स होय. गेल्या चाळीस वर्षांत या रोगानें आपल्या देवळांची, चर्चांची, मशिदींची आणि सेवासंस्थांची एकच परीक्षा पाहिली आहे: दारांत आलेल्या रोग्यास ‘हें कसें जडलें?’ असें विचारावयाचें कीं नाहीं? रोग रक्तावाटें, शरीरसंबंधांतून व आईकडून मुलास होतो. शेजारीं बसल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें होत नाहीं. तरीहि भीति सर्वांत मोठी ठरली ती स्पर्शाचीच. ज्या नाशिकांत १९३० सालीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों माणसांस काळाराम मंदिराच्या दारापुढें सत्याग्रह करावा लागला, आणि तो वर्षानुवर्षें चालूनहि दार उघडलें नाहीं, तेथें विटाळाची ही भाषा नवी नव्हती.

अमेरिकेंत १९८१ सालीं प्रथम नोंदलेला हा रोग आपल्या कुटुंबनीतीपुढें टिकणार नाहीं, असा पुष्कळांचा समज होता. १९८६ सालीं मद्रासेंत डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनीं तो समज मोडला. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरांतल्या. पुढें १९९३ सालीं त्यांनीं वडिलांच्या नांवानें या रोग्यांसाठीं संस्थाच काढली. परंतु विषाणु प्रथम सांपडला तो वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्तांत, आणि समाजानें तेवढ्यावरून आपला निकाल देऊन टाकला.

त्या निकालाचें खरें स्वरूप गोव्यांत दिसलें. डॉमिनिक डिसोझा हा तरुण स्वेच्छेनें रक्तदान करीत असे. त्या दानामुळेंच त्याच्या रक्तांतील विषाणु उघडकीस आला, आणि १९८९ च्या फेब्रुवारींत पोलीस त्यास घेऊन गेले. गोव्याच्या आरोग्यविषयक कायद्यांत अशा रोग्यास अलग ठेवण्याचें कलम होतें; त्या कलमाच्या आधारें त्यास जुन्या क्षयरुग्णालयांत चौसष्ट दिवस एकटें कोंडून ठेवलें. दुसऱ्यास रक्त देणारा मनुष्य स्वतःच्याच गांवांत कैदी झाला! त्याची आई लुसी हायकोर्टांत गेली. कोर्टानें डॉमिनिकला घरीं जाऊं दिलें, पण कायदा मात्र उचलून धरला. डॉमिनिक स्वस्थ बसला नाहीं. १९९२ सालीं मरण्यापूर्वीं त्यानें आपल्या स्नेह्यांसह ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. रोग्यानें स्वतः बोलावें, हा पाठ आमच्या भागास प्रथम देणाऱ्यांत त्याचें नांव घ्यावें लागेल.

धर्मोपदेशक या काळांत गप्प होते असें नव्हे. कीर्तनकारांनीं व पाद्र्यांनीं संयम सांगितला. तो उपदेश खोटा नव्हे. परंतु त्याची धांव कोठपर्यंत जाते तें पुण्यांत दिसलें. तेथील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या विवाहित स्त्रियांची तपासणी डॉ. रमण गंगाखेडकर आदिकरून संशोधकांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केली. नवऱ्यावांचून दुसरा पुरुष न पाहिलेल्या स्त्रियांच्या रक्तांतहि विषाणु होता. ज्यांनीं धर्मानें सांगितलें तेंच केलें त्यांस धर्मानें आतां काय सांगावें? पुढें बोहल्यावरून आलेल्या या रोगाबद्दल नवरा गेल्यावर सासरच्यांनीं सुनेसच दोष देऊन घराबाहेर काढल्याच्या हकीकती महाराष्ट्रभर ऐकूं येऊं लागल्या. हिंदी कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनें २००५ सालीं या रोगाविषयींचें आपलें धोरण जाहीर करून सेवेस अग्रस्थान दिलें, हें चांगलें झालें. निरोधाचा वाद मात्र त्यानें मिटला नाहीं.

सांगलीस तो वाद निराळ्याच रीतीनें सुटला. मीना सेषु यांच्या ‘संग्राम’ संस्थेनें १९९२ सालीं तेथें काम आरंभिलें. वेश्यावस्तींतील स्त्रियांचा उद्धार करावयास बाहेरचे लोक न येतां त्या स्त्रियांनींच एकमेकींस निरोध वांटावे, रोगाची माहिती द्यावी, आजारी मैत्रिणीस दवाखान्यांत न्यावें, अशी ती व्यवस्था होती. १९९६ सालीं त्यांनीं ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ स्थापिली. नांव वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल; आमच्याहि पडली होती. परंतु याच सरहद्दीवरील मुली सौंदत्तीच्या यल्लम्मास वाहिल्या जात, व तिला वाहिलेल्या पुष्कळ जणी पुढें याच वस्त्यांत येऊन पोंचत. मुंबई सरकारानें १९३४ सालीं कायदा करूनहि ती चाल पुढें कित्येक दशकें टिकली. ज्यांस धर्माच्या नांवानें या मार्गावर लोटलें त्यांसच मागाहून अधर्मी म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

मुलांच्या बाबतींत आमची दया तत्काळ जागी झाली. नगरचें ‘स्नेहालय’ १९८९ पासून वेश्यावस्तींतील स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं झटत होतें. पुण्यांत विजयाताई लवाटे यांनीं १९९७ सालीं ‘मानव्य’ स्थापिलें; पंढरपुरास मंगलाताई शहा यांनीं २००१ सालीं ‘पालवी’ उभी केली. आईबाप या रोगानें गेलेल्या, नातेवाइकांनीं टाकलेल्या दोन लहान मुलींपासून पालवीचा आरंभ झाला. याच पंढरींत प्रार्थनासमाजाचा अनाथ बालकाश्रम १८७५ पासून आहे. विधवांनीं चंद्रभागेच्या कांठीं सोडलेलीं अर्भकें तेथें वाढत. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं काढलेल्या बालहत्या-प्रतिबंधक गृहांत तर खुद्द त्या विधवेसच गुपचूप प्रसूत होऊन जातां येई. तिचा दोष विचारला जात नसे. आणि १८९७ च्या प्लेगांत रोगी मुलास दवाखान्यांत पोंचवितांना सावित्रीबाईंस तोच रोग जडून त्या गेल्या.

या दोन परंपरांत एक बारीक फरक आहे. पालवी, मानव्य यांच्या मुलांस देणगी देतांना आम्ही ‘निष्पाप जीव’ म्हणतों. हा शब्द प्रेमाचा खरा. पण मूल निष्पाप म्हटलें कीं त्याची आई पापी ठरते, आणि तिच्या औषधासाठीं तोच देणगीदार हात आंखडतो. जोतीरावांच्या घरीं मूल व माता दोघेंहि एकाच दारानें आंत येत.

नाशिकास रामकुंडावर अस्थि विसर्जावयास दूरदूरचे लोक येतात. तेथील उपाध्ये गांव, कुळ व पिढ्यांचीं नांवें पाहून नामावळीच्या वहींत नोंद करितात. मनुष्य कशानें मेला हें विचारण्याची तेथें रीत नाहीं. गोदावरीहि विचारीत नाहीं. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक हांकणाऱ्या कित्येकांनीं हा रोग घरीं नेला. मेल्यावर त्यांची जी सोय या तीर्थावर होती, ती जिवंतपणीं त्यांस त्यांच्या गल्लींत नव्हती.

१ एप्रिल २००४ पासून सरकारानें विषाणुरोधक औषधें मोफत देण्यास आरंभ केला. मुंबईचें जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांत होतें. आज नाशिकच्या जिल्हा रुग्णालयांतहि हीं औषधें मिळतात. आईस वेळेवर औषध दिल्यास मूल बहुधा निरोगी जन्मतें. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला, आणि संमतीवांचून रक्ततपासणी करणें व या रोगावरून नोकरी, शाळा किंवा भाड्याचें घर नाकारणें बेकायदेशीर झालें.

आश्रमांच्या चालकांस यामुळें एक अनपेक्षित काम येऊन पडलें. जीं मुलें फार दिवस जगणार नाहींत असें धरून त्यांस कुशींत घेतलें, तीं मोठीं झालीं. त्यांस मिसरूड फुटलें, त्या साडी नेसूं लागल्या. त्यांचें शिक्षण, नोकरी व लग्न हीं पाहावयाचीं आहेत. आणि प्रत्येक अर्जांत पालकाच्या नांवापुढची मोकळी जागा कोणीतरी भरावयाची आहे.