शहाबादी फरशी : डाग व निगा
कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद परिसरात निघणाऱ्या करड्या चुनखडकाची फरशी. महाराष्ट्रातील जुन्या घरांत ती सर्रास आढळते. मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड सांडताच पृष्ठभाग फसफसून झिजतो. अ‍ॅसिडने फरशी उजळते हा समज घातकच. उरलेला पांढुरका चट्टा डाग नसून दगडाची झीज असते. तो धुऊन जात नाही, फरशी घासून पुन्हा पॉलिश करावी लागते. तेल मात्र छिद्रांत मुरते. त्यावर खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला दाट लेप द्यावा, दिवसभर प्लॅस्टिकने झाकावा, मग उघडा वाळू द्यावा. वाळताना तो तेल ओढून घेतो. जुन्या डागांना हे अनेकदा करावे लागते. रोज पुसण्यास कोमट पाणी व सौम्य साबण पुरेसा.